पाच घरं, दोन गिनी

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एक बातमी सगळीकडे फिरली: समानतेत भारत जगात चौथा. पुढे फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. आधार जागतिक बँकेचा. भारताचा गिनी निर्देशांक, म्हणजे विषमतेचं माप, २५.५, चीनचा ३५.७, अमेरिकेचा ४१.८. बातमी वाचून काहींनी कॉलर ताठ केली, काहींनी खिडकीबाहेर नजर टाकली आणि हसले.

गंमत अशी की २५.५ हा आकडा खोटा नाही. पण तो जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून उचलला, त्याच टिपणात आणखी एक आकडा आहे. वर्ल्ड इनिक्वालिटी डेटाबेसनुसार भारताचा गिनी २००४ मध्ये ५२ होता आणि २०२३ मध्ये तो ६२ झाला. गिनी शून्य म्हणजे सगळ्यांकडे अगदी सारखं, १०० म्हणजे एकाकडे सगळं आणि बाकीच्यांच्या हाती धुपाटणं. मग एकाच देशाला २५.५ आणि ६२ असे दोन्ही आकडे कसे लागू पडतात? कारण पहिला खर्चाचा आहे आणि दुसरा उत्पन्नाचा. बातमीत हा फरक गळला, आणि बातमीचा सगळा अर्थ त्या फरकातच होता.

कागद-पेन्सिल घेऊन पाच घरांवर हे करून बघू. महिन्याचं उत्पन्न धरू ५, १०, १५, २० आणि ५० हजार. एकूण १०० हजार, सरासरी २०. आता प्रत्येक घराची दुसऱ्या प्रत्येक घराशी जोडी लावायची आणि दोघांतला फरक लिहायचा. पाच घरांच्या दहा जोड्या होतात. फरक येतात ५, १०, १५, ४५, ५, १०, ४०, ५, ३५ आणि ३०. बेरीज २००. या बेरजेला घरांच्या संख्येच्या वर्गाने (५ × ५ = २५) आणि सरासरीने (२०) भागायचं. २०० भागिले ५०० म्हणजे ०.४०. हाच गिनी. शंभराच्या पट्टीवर ४०.

आता तीच पाच घरं, पण उत्पन्नाऐवजी खर्च विचारू. पाच हजारवाल्याचं भागत नाही, तो उधारी करून ६ खर्च करतो. दहावाल्याचे दहाही जातात. पंधरावाला १३ खर्चतो, वीसवाला १६. पन्नासवाला २५ खर्च करतो आणि बाकीचे २५ एसआयपी, एफडी, प्लॉट यांत टाकतो. एकूण खर्च ७०, सरासरी १४. जोड्यांमधल्या फरकांची बेरीज ८८. भागिले २५ × १४, म्हणजे ३५०. उत्तर ०.२५.

घरं तीच, महिना तोच. उत्पन्नाचा गिनी ४०, खर्चाचा २५. खालच्या घराची उधारी आणि वरच्या घराची बचत, दोन्ही बाजूंनी खर्चाची पट्टी दाबली जाते. शिवाय वरच्याचे बाजूला टाकलेले २५ हजार पुढच्या वर्षी भाडं, व्याज, लाभांश होऊन त्याच्याच घरी येतात, आणि खालच्याच्या उधारीवर व्याज चढतं. खर्चाच्या गिनीला यातलं काही दिसत नाही. म्हणून स्लोव्हाकियाचा किंवा अमेरिकेचा उत्पन्नाचा गिनी आणि आपला खर्चाचा गिनी एका रांगेत उभे करून क्रमांक लावणं म्हणजे एकाची उंची बुटासकट मोजायची आणि दुसऱ्याची खाली बसवून. ‘चौथा क्रमांक’ तिथेच निकालात निघतो.

गिनीचं गणित शाळेतलं पोरही करेल. खरी मेहनत घराघरांतून आकडे आणण्यात आहे, आणि गोंधळही तिथेच होतो. भारताचा २५.५ हा २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीतून आला आहे. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात २,६१,७४६ कुटुंबांकडे माणसं गेली, एकेका घरी तीनदा, तीन वेगळ्या प्रश्नावल्या घेऊन. विचारायच्या वस्तू ४०५. भाजी, फळं, तेल, मसाले, अंडी-मासे यांचा हिशेब गेल्या ७ दिवसांचा. धान्य, सरपण-गॅस, साबण, प्रवास यांचा ३० दिवसांचा. कपडे, शाळेची फी, दवाखान्यात भरती, टीव्ही-फ्रिज यांचा ३६५ दिवसांचा.

हे दिवस असेच ठरवलेले नाहीत. गेल्या महिन्यात कोथिंबिरीला किती गेले, हे कोणालाही सांगता येत नाही. गेल्या आठवड्याचं सांगता येतं. त्यामुळे ३० दिवसांऐवजी ७ दिवस विचारले की नोंदलेला खर्च वाढतो, आणि ताटात एक घास न वाढता गरिबी कमी दिसते. ३६५ दिवसांचा परिणाम वेगळा. महिनाभराचंच विचारलं तर बहुतेक घरांचा कपड्यांचा खर्च शून्य येतो आणि लग्न असलेल्या एखाद्या घराचा भरमसाट. वर्षभराचं विचारलं की ही उंचसखल जमीन सपाट होते आणि विषमता कमी भरते.

प्रश्न कसा विचारला यावर काय काय अवलंबून असतं, हे १९९९-२००० साली देशाने पाहिलं. खर्च पाहणीच्या त्या फेरीत खाण्याच्या वस्तूंसाठी ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा, असे दोन रकाने शेजारी-शेजारी छापले होते. माणूस एका रकान्यात सांगितलेलं दुसऱ्याशी जुळवायला जातो. दोन्ही उत्तरं एकमेकांना चिकटली. अधिकृत गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ वर आली, आणि त्यातली खरी घट किती आणि रकान्यांची करामत किती, यावर अर्थशास्त्रज्ञ पुढची काही वर्षं भांडत राहिले.

दुसरी अडचण श्रीमंतांची. सोसायटीच्या फाटकावरच पाहणीवाल्याला थांबवलं जातं, किंवा ‘साहेब घरी नाहीत’ असं उत्तर मिळतं. यावर उपाय म्हणून २०२२-२३ मध्ये शहरांत १० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची मोटार असलेल्या कुटुंबांचा वेगळा गट केला, म्हणजे नमुन्यात ती हमखास येतील. युक्ती चांगली आहे, तरी १० लाखांच्या गाडीवाला आणि हजार कोटींचा मालक एकाच टोपलीत राहतात. निकाल बघा: शहरांतल्या सर्वांत वरच्या ५ टक्के लोकांचा सरासरी दरडोई मासिक खर्च २०,८२४ रुपये. ग्रामीण भागातल्या तळाच्या ५ टक्क्यांचा १,३७३. शहराचं टोक आणि खेड्याचा तळ यांत पंधरापट अंतर. आणि मुंबई-पुण्याची श्रीमंती २० हजारांवर कशी थांबली, असं वाटत असेल तर लक्षात घ्या की घरखरेदी, कर्जाचा हप्ता, शेअर हे यात धरतच नाहीत.

६२ हा आकडा तरी धुतल्या तांदळासारखा आहे का? नाही. तो आयकराच्या आकड्यांवर उभा आहे, आणि आपल्याकडे आयकर भरणारे मूठभर. बाकीच्या कोट्यवधी लोकांचं उत्पन्न पाहण्यांवरून आणि गृहीतकांवरून बसवावं लागतं. तरीही वरच्या टोकाबद्दल काही कळायचं असेल तर करविवरणपत्रांसारखा दुसरा मार्ग नाही. त्याच पद्धतीने २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा येतो.

विषमतेनंतर गरिबी. इथेही एक ठरलेली चूक आहे. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिगरिबीची रेषा माणशी दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलर केली. लगेच कोणीतरी डॉलरच्या बाजारभावाने गुणाकार करतो: ‘तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये, पाच जणांच्या घराला दिवसाचे साडेबाराशे, मग आमचं अख्खं गाव गरीब!’ हा डॉलर बँकेतला नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढं इथे घ्यायला किती रुपये लागतात, या हिशेबाचा, म्हणजे क्रयशक्तीचा डॉलर आहे. २०१७ मध्ये बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांचा होता, क्रयशक्तीचा २०.६५ रुपयांचा. २.१५ ची रेषा २०१७ च्याच भावांवर बसवलेली होती, म्हणून ताळा करायला सोपी: २.१५ × २०.६५ म्हणजे ४४ रुपये, महिन्याला १,३५० च्या आत-बाहेर. बाजारभावाने तीच १४० रुपये झाली असती. चूक थेट तिपटीची.

क्रयशक्तीच्या डॉलरलाही कुसळ आहे. आपल्याकडे स्वस्त काय? केस कापणं, धुणीभांडी, रिक्षा, शिकवणी. जिथे माणसाची मजुरी आहे, ते सगळं. डाळ, तेल, औषधं त्या मानाने तेवढी स्वस्त नाहीत. सगळ्यांची सरासरी काढली की रुपया ताकदवान दिसतो, पण ज्याचा निम्मा पैसा पोटातच जातो त्याला मोलकरणीची स्वस्ताई काय कामाची? बरेचदा ती मोलकरीण तोच असतो.

रेषा हलली की माणसं हलतात. ३ डॉलर ठरताच जगातले अतिगरीब कागदावर सुमारे साडेबारा कोटींनी वाढले. भारतात २०११-१२ मध्ये ३ डॉलरखाली २७.१ टक्के लोक होते, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के. म्हणजे ३४ कोटींवरून साडेसात कोटींवर. मधल्या काळात नमुना आणि प्रश्नावली बदलली, म्हणून शेवटच्या दशांशावर पैज लावू नये, पण घट मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. फक्त ३ डॉलरची रेषा सर्वांत गरीब देशांच्या स्वतःच्या रेषांवरून काढलेली आहे. भारत आता त्या गटात नाही. आपल्या गटाची, म्हणजे कनिष्ठ-मध्यम उत्पन्नाच्या देशांची, रेषा ४.२० डॉलरची, आणि २०२२-२३ मध्ये तिच्याखाली २३.९ टक्के लोक होते. दर चार माणसांमागे जवळजवळ एक.

या वादात पुण्याचा वाटा मोठा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रेषेची सांगड थेट ताटाशी घातली: माणशी रोज २,२५० कॅलरी मिळायला १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. आजही रेषेवरून भांडण झालं की शेवटी याच प्रश्नावर येतं: त्या पैशांत ताटात काय पडतं?

पैशाबाहेरचीही गरिबी आहे. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक पोषण, शाळा, संडास, इंधन अशा १२ गोष्टी पाहतो. २०१९-२१ च्या आकड्यांवर महाराष्ट्रात असे गरीब ७.८१ टक्के निघाले. नंदुरबारमध्ये सुमारे ३३ टक्के. राज्याच्या सरासरीत नंदुरबार दिसत नाही, आणि मुंबईही दिसत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट: विषमतेने गरिबीचं नेमकं काय बिघडतं? ‘वाढ झाली की सगळ्यांचं भलं होतं’ हे वाक्य पाच घरांवर तपासू. दारिद्र्यरेषा १२ हजार धरा. खाली दोन घरं आहेत, ५ आणि १० वाली. दोघांना रेषेवर आणायला ७ आणि २, म्हणजे ९ हजार पुरतात. गाव वर्षात १० टक्के वाढलं तर १० हजार नवे येतात. सगळे खालच्या दोन घरांत गेले तर गरिबी एका वर्षात संपते. पण असं कुठे होत नाही. सगळ्यांचं उत्पन्न सारख्याच टक्क्यांनी वाढलं, तर तळाच्या घराला ५०० रुपये मिळतात आणि वरच्याला ५ हजार, आणि रेषेखाली दोन्ही घरं तशीच राहतात. या वेगाने दहा हजारवालं घर दोन वर्षांत वर येतं, पाचवाल्याला दहा वर्षं लागतात. हे १० टक्क्यांनी. वाढ वर्षाला ३ टक्के असेल तर त्याला ३० वर्षं. आणि गावाची वाढ ३ टक्के असूनही त्याच्या वाट्याला १ टक्काच येत असेल, तर ८८. त्याचा नातू म्हातारा होईल. विषमता जास्त म्हणजे तळाचं घर रेषेपासून लांब, आणि लांब असलं की तीच वाढ त्याला कमी पोचते.

आणखी एक खोच. सारख्या टक्क्यांनी वाढलं की गिनी हलत नाही. सगळ्यांचं दुप्पट झालं तरी तो ४०च. पण तळ आणि टोक यांतलं अंतर ४५ हजारांवरून ९० हजार होतं. गावातली जमीन, शाळेची फी, दवाखान्यातली खोली यांचे भाव पन्नासवाल्याच्या खिशाकडे बघून ठरतात, त्यामुळे हे दुसरं अंतर लोकांना जास्त बोचतं.

हे अंतर पुढच्या पिढीच्या अंगावरही उमटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. सर्वांत गरीब पंचमांशात ४६ टक्के, सर्वांत श्रीमंतात २३. पहिल्या दोन-तीन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे फारशी भरून येत नाही. ते मूल शाळेत मागे पडतं आणि मजुरीत कमी कमावतं. एका पिढीची विषमता पुढच्या पिढीची गरिबी होते ती अशी. (श्रीमंतांतही २३ टक्के का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पाणी, संडास आणि आईचं आरोग्य फक्त पैशाने विकत घेता येत नाही, एवढं नोंदवून पुढे जाऊ.)

गाव मोठं करून जग घेतलं तर? २०२२ च्या जागतिक विषमता अहवालात वरच्या १० टक्क्यांकडे जगाच्या उत्पन्नाचा ५२ टक्के वाटा, खालच्या निम्म्यांकडे साडेआठ. संपत्तीत ७६ आणि २. देशातल्या आणि जगातल्या विषमतेत एक मोठा फरक आहे. देशात बापाची जमीन, जात, शिक्षण यांवर माणसाचं स्थान ठरतं. जगात त्याचा निम्म्याहून जास्त हिशेब जन्म कुठल्या देशात झाला यावरच मिटतो. तोच गवंडी, तेच कसब, पण सीमा ओलांडली की मजुरी कितीतरी पट. गेल्या तीस-चाळीस वर्षांत देशादेशांतलं अंतर कमी झालं ते मुख्यतः चीनमुळे, जिथे चाळीस वर्षांत ८० कोटींच्या आसपास माणसं अतिगरिबीतून बाहेर आली. त्याच काळात चीनच्या आतली विषमता वाढली. हत्यार आता बोथट होत चाललंय: चीन जगाच्या सरासरीवर पोचल्याने त्याच्या पुढच्या वाढीने जगाची विषमता घटणार नाही. ते काम आता आफ्रिकेला करायचं आहे, आणि तिथे गाडी कुठे अडते ते झांबियात स्वच्छ दिसतं.

झांबिया तांब्यावर जगतो. निर्यातीचा सुमारे ७० टक्के पैसा तांब्याचा. तांबं तेजीत असताना, २०१२ मध्ये, देशाने डॉलरमध्ये ७५ कोटींचे रोखे विकले, व्याज ५.३७५ टक्के. २०१४ मध्ये आणखी १०० कोटी, ८.५ टक्क्यांनी. २०१५ मध्ये १२५ कोटी, ८.९७ टक्क्यांनी. त्याच २०१५ मध्ये अमेरिकेचं सरकार दहा वर्षांसाठी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास कर्ज उचलत होतं. गावात जसं सावकार बागायतदाराला कमी व्याजाने देतो आणि भूमिहीनाला चढ्या, तसंच हे. धोका जास्त म्हणून व्याज जास्त, आणि व्याज जास्त म्हणून धोका आणखी जास्त.

मग तांब्याचा भाव पडला. २०११ च्या सुरुवातीला टनाला १० हजार डॉलर होता, २०१६ च्या सुरुवातीला ५ हजारांच्याही खाली. निर्यात घटली तसा क्वाचा, म्हणजे तिथलं चलन, घसरला. आता एकच हप्ता जवळून बघा. १०० कोटींवर ८.५ टक्के म्हणजे वर्षाला साडेआठ कोटी, सहामाहीला सव्वाचार कोटी डॉलर. कर्ज घेतलं तेव्हा डॉलर सुमारे ६ क्वाचांचा होता, म्हणजे हप्ता साडेपंचवीस कोटी क्वाचांचा. २०२० च्या अखेरीस डॉलर सुमारे २१ क्वाचांचा झाला, आणि तोच हप्ता ८९ कोटींचा. एक छदाम नवा न घेता साडेतीनपट. सरकारचा कर जमा होतो क्वाचात, देणं डॉलरात. नोव्हेंबर २०२० मध्ये नेमका हाच सव्वाचार कोटींचा हप्ता चुकला आणि झांबिया कर्जबुडवा ठरला.

हप्ता चुकायच्या आधीच तिजोरी कोरडी होते, आणि पहिली कात्री लागते ती ज्यांचा आवाज नाही त्या खर्चाला: खेड्यातला दवाखाना, रस्ता, शिक्षकभरती. झांबियाच्या स्वतःच्या रेषेनुसार २०१५ मध्ये ५४.४ टक्के लोक गरीब होते, २०२२ मध्ये ६० टक्के. आणि त्याचा गिनी ५१.५ आहे, तोही खर्चाचा. आपल्या २५.५ शेजारी कोणाला ठेवायचंच असेल तर याला ठेवावं. किमान दोघांची मोजपट्टी एक आहे. झांबिया एकटाही नाही. अंकटाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या २०२४ च्या हिशेबाने ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर करतं त्याहून जास्त खर्च व्याजावर करतं.

झांबियाची वाटाघाट साडेतीन वर्षं चालली. सरकारी सावकार, म्हणजे चीन, फ्रान्स वगैरे, जून २०२३ मध्ये तयार झाले. रोखेधारक जून २०२४ मध्ये. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, दुष्काळामुळे तिथे राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली होती: मका वाळला, आणि करिबा धरणाचं पाणी खाली गेल्याने वीज तुटली. जुन्या तीन रोख्यांच्या जागी दोन नवे आले आहेत. त्यांतल्या एकात अट अशी की देशाची स्थिती ठरलेल्या मापापेक्षा सुधारली, तर परतफेड लवकर आणि जास्त व्याजाने करायची.